सदूच्या देवी राहून गेल्या

तीर्थरूप नानांस,

साष्टांग नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. आप्तेष्ट जेवून उठले. "काय वैद्य होते! हाताला केवढं यश!" जो तो हेच म्हणत गेला. तुमच्या नातवाचं, माझ्या सदूचं, नाव एकानंही काढलं नाही. म्हणून हे पत्र.

सरकारी नोकरीला लागून मी देवी टोचायचं काम धरलं, ते तुम्हाला कधी सोसलं नाही. रोग्यांसमोर म्हणायचात, "आमचे चिरंजीव सुई घेऊन दारोदार हिंडतात. वैद्याच्या पोटी हे!" पेटी उचलून निघताना मला लाज वाटायची. अशा कामात जीव कसा रमावा, नाना?

मार्गशीर्षात मी फिरतीवर निघालो, तेव्हा सदूच्या देवी काढून, त्याला टोचून मगच जातो म्हटलं. आठवतं? तुम्ही म्हणालात, "पोराला सर्दी आहे. परत आलास की काढ." मी ऐकलं. तुमच्या शब्दापुढे घरात कुणाचं काय चालत होतं?

सर्दी नव्हतीच हो! माझी पाठ वळली आणि सदू तुमच्या खलात बत्ता आपटत खिदळत बसला होता. हिनं ते मला नंतर सांगितलं, सगळं संपल्यावर.

निरोप मिळताच धावत आलो, तर दाराला कडुलिंबाचे डहाळे. तुम्ही मला उंबऱ्यावरच अडवलंत. "देवी आल्यात घरात. पायताण बाहेर काढ." एवढंच! त्याच आठवड्यात सदू गेला. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही सांगत होतात, "देवीची इच्छा." नाना, इच्छा तुमची होती.

मी राजीनामा द्यायचं ठरवलं. स्वतःच्या घरात हरलेला माणूस लोकांच्या दारात कशाला जाईल? पण माझ्या जागी दुसरा येईपर्यंत जावंच लागलं. डोंबिवलीजवळ मिठागराच्या वस्तीत सदूची बातमी माझ्याआधीच पोचली होती; एक बाई कडेवर पोर घेऊन दारात आडवी उभी राहिली. "तुजाच पोर देवीनं नेला ना? मंग माजा काय वाचवशील?"

मी म्हटलं, "बाई, त्याला टोचलंच नव्हतं. बाप टोचणारा असून!"

मग तिनं पोराचा दंड पुढे केला. मागून आणखी दोघी आल्या.

राजीनामा मी दिला नाही. यात थोरपणा काही नाही. तोच खाडीचा चिखल, त्याच शिव्या, अंगावर सोडलेली कुत्री. पण आता कुणाच्या दारी मी का उभा आहे, हे मला ठाऊक असतं. तुम्ही ते कधी विचारलंतच नाही. शेवटच्या दुखण्यात मी तुमचे पाय चेपत बसायचो. एकदा तरी सदूचं नाव घ्यायचं होतंत! मी वाट पाहत होतो. तुम्ही काढा कडू झाल्याचं बोललात.

सदूच्या पाठीवर मुलगी झाली आहे. काकू म्हणतात, "नानांच्या घरात हे नको." घर आता माझं आहे, नाना. उद्या सकाळी ओसरीवर, तुमच्या बैठकीच्या जागी बसून, सगळ्या आळीदेखत मी तिच्या देवी काढणार. हा माझा शब्द.

ती रडेल. रडू दे.

तुमचा,
वामन