पाण्यात उभ्या केलेल्या मोटारी

उस्ताद, यंदाही बोटींच्या मोटारी पाण्यात उभ्या केल्या. गोदावरी खाली बसली, आता जूनपर्यंत त्यांना काम नाही. फौजेतून निवृत्त होऊन आलो तेव्हापासून नांदेडच्या बचाव पथकाच्या चार जुन्या मोटारी माझ्याकडे आहेत. टाकीतलं पेट्रोल काढतो, प्लग खोलून आत थोडं तेल सोडतो, दोरी दोनदा हलक्या हाताने ओढतो, आणि खालचा पंखा बुडेल इतकं पाणी भरलेल्या ड्रममध्ये मोटार उभी करतो. पथकातले लोक हसतात. मोटार कोरडी ठेवायची असते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मी त्यांना तुमचंच ऐकवतो आणि दर आठवड्याला ड्रममध्ये पाण्याची भर घालतो.

आयटीआय करून मी इथेच नांदेडला पाटबंधारे खात्याच्या गोदामात तुमच्या हाताखाली रोजंदारीवर लागलो, तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पहिल्या उन्हाळ्यात एक मोटार मी धुऊन-पुसून फळीवर ठेवली होती. पावसाळ्यात ती सुरू झाली आणि दोन मिनिटांत तापून बंद पडली. आत पाणी ओढणारी रबरी चकती सुकून कडक झाली होती, नळ्यांत गाळ वाळून बसला होता. तुम्ही ती चकती माझ्या तळहातावर ठेवलीत. "आपल्या इकडच्या उन्हात तुला चार म्हैने पानी दिलं न्हाई तर तुझं काय होईल? रबर हाय बाबा ते, लोखंड न्हाई." मग दिवसभर तारेने गाळ काढायला लावलात. चहा आला तेव्हा मात्र कपातला अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात. तुम्ही असेच होतात. माझ्या जयभीमला जयभीमच म्हणायचात, आणि प्रत्येक मोटारीवर खडूने उर्दूत काहीतरी लिहून ठेवायचात. ते तुमच्याशिवाय गोदामात कुणालाच वाचता यायचं नाही.

पुढे मी फौजेत गेलो आणि काही वर्षांनी लडाखमधल्या एका तळ्यावर बोटींच्या वर्कशॉपमध्ये माझी बदली झाली. ते माझं बढतीचं वर्ष होतं. थंडी सुरू होताना बोटी काठावर घेतल्या, आणि मी सहाही मोटारी पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या ड्रमांत उभ्या केल्या. कुणाला विचारलं नाही. उलट छाती फुगवून सांगत होतो की आमच्याकडे असंच करतात. पाणी गोठतं हे शाळेत शिकलो होतो. गोठताना ते फुगतं आणि धातू फोडतं, हे ध्यानात यायला आपल्या मुलखात कधी कारणच पडलं नव्हतं. तीन आठवड्यांनी शेड उघडलं तर ड्रम शिवणीवर उसवलेले आणि मोटारी बर्फात चिणलेल्या. शेगड्या लावून मोकळ्या केल्या, तेव्हा चार मोटारींचं खालचं कवच तडकलेलं निघालं. आमचं सामान वाहणारा तिथलाच एक म्हातारा होता. त्याने नुसतं पाहिलं आणि म्हणाला, इथे शेवटचा थेंब निथळेपर्यंत मोटार उभी टांगतात. विचारलं असतं तर त्याने तीन आठवडे आधीच सांगितलं असतं.

साहेबांनी बोलावलं. "किसने सिखाया ये?" मी ताठ उभा होतो. म्हणालो, "साब, नांदेड में एक अनपढ़ मिस्त्री था। उसने।" साहेब हसले. शेजारचे सुभेदारही हसले. थोडी जादा ड्यूटी लागली आणि प्रकरण तिथेच मिटलं. बढतीही मिळाली. खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, ती अजून गेलेली नाही.

सुट्टीत तुम्हाला भेटायला उदगीरला आलो. तुम्ही निवृत्त झाला होतात, ओसरीत खाटेवर बसला होतात. खाली बसायच्या आतच विचारलंत, "काय रे, तिकडं थंडीत मोटारी कशा ठेवून राहिलास?"

"तुम्ही शिकवलं तशाच, उस्ताद."

"फुटली का एखादी?"

"न्हाई."

तुम्ही पाय आवरून मला खाटेवर जागा केलीत. मग "बरं झालं" म्हणालात, आत सूनबाईंना हाक मारलीत आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाहीत. पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा तुम्ही नव्हतात.

हे लिहून तसंच पथकाच्या गोदामातल्या टेबलाच्या खणात टाकणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? पण अर्धवट लिहून उपयोग नाही. "फुटली का" हे तुम्ही का विचारलंत, ते मला तेव्हाच कळलं होतं. फौजेत निघालो त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर आला होतात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून सांगत होतात, "माझं शिकवलेलं इथल्या उन्हाचं हाय. दुसऱ्या मुलखात गेलास की आधी तिथल्या मानसाला विचार, मंग मोटारीला हात लाव." साहेबांपुढे उभा होतो, तेव्हा मला हे शब्दन् शब्द आठवत होतं, उस्ताद.