बाराव्या प्रकरणातलं दार

३ मार्च, सोमवार
पार्सल आलं! वहिनीनं कादंबरी लिहिलीय!! दोनशे बारा पानं, टाइप केलेली. वर चिठ्ठी — "भाऊजी, वाचा आणि खरं खरं कळवा. बरं काय, वाईट काय. उगाच गोड बोललात तर बघा." नववी नापासाला विचारतेय! हसू आवरेना.

दादाचा एक शब्द नाही. मी परीक्षा टाकून पळालो, इथं शीतगृहात कामाला लागलो, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. वहिनीच्या फोनमध्ये मागून खोकला ऐकू येतो, तेवढाच काय तो दादा.

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत शीतगृहाबाहेर उन्हात बसून मोठ्यानं वाचलं. चर्चच्या दानपेटीत दर रविवारी एक चिठ्ठी — पुढं मरणाऱ्याचं नाव! मोठा भाऊ पाळक, धाकटा घरातून पळालेला. (आमच्यावरूनच उचललंय, लबाड!) सहाव्या चिठ्ठीवर धाकट्याचंच नाव! फोर्कलिफ्ट रांगत चालवतो म्हणून ज्याला आम्ही गोगलगाय म्हणतो, त्याचा घास हातातच. "पुढं वाच की लेका!" भोंगा झाला तरी कुणी उठेना. मुकादम ओरडायला आला, तोही खोक्यावर टेकला.

१० मार्च
बारावं प्रकरण. खुनी धाकट्याला शीतगृहात कोंडतो. पाळक बाहेर गुडघे टेकून प्रार्थना करतो, आणि दार आपोआप उघडतं! सगळे लोळून हसले. अरे, दार उघडायला आतून दांडा असतोच! पहिल्या दिवशीच दाखवतात. "आतला काय झोपला होता?" — गोगलगाय.

मीही हसलो. पण वहिनीनं जीव ओतलाय. खरं लिहिलं आणि तीही रुसली तर? घरातलं बोलणारं तेवढं एकच माणूस.

१२ मार्च
लिहून टाकलं! चिठ्ठ्यांची भीती झकास. खुनी कोण ते मुकादमाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याला म्हणे सगळं आधीच कळतं. प्रार्थना खऱ्या — वाचताना माझेच हात जोडले गेले. पण देव दर अडचणीला किल्ल्यांचा जुडगा घेऊन हजर! चारदा आला. मग भ्यायचं कशाला? त्या पोराला अंधारात, बधिर बोटांनी, स्वतः दांडा शोधू दे. देवाकडे मागितलंच तर बळ मागू दे.

आणि पाळक. भावासाठी रोज रडतो, पण त्याला एक फोन करत नाही! असला माणूस मला पटत नाही. इथं पेन जरा जोरातच दाबलं गेलं.

१८ मार्च
वहिनीचा फोन नाही. मेसेज नाही. कशाला शहाणपणा केला!

२१ मार्च
फोन. "पाळक पटत नाही म्हणे?"

दादा!! मी ताडकन उभा.

"वहिनीला वाणसामानाची यादी लिहायचा कंटाळा, ती काय कादंबरी लिहिणार! मी लिहिलीय." मग तोच खोकला. मग — "तुझं ऐकलं. पाळकानं फोन लावला, इथवर झालंय लिहून. पुढं काय बोलावं ते सुचेना. तू सांग."

तासभर बोललो. कादंबरीचा विषय निघालाच नाही.