लिंबाएवढे दादा

बिलोली,
पौष शुद्ध नवमी

तीर्थरूप साखराअक्काच्या पायांवर धाकट्या किशनचं डोकं.

व्यंकटरावदाजींनाही माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा बसताना वाजतो की उठताना, हे मागच्या वेळी नीट कळलं नाही, तर त्याचा खुलासा करावा. म्हैस व्याली असेल तर काय झालं तेही कळव. इकडे सगळे धडधाकट आहेत, तुझी भावजय जरा जास्तच. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस (हा दोष नाही, थोरलेपणाचा हक्क आहे) आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझं दूध उतू जातं. म्हणून पत्र. चष्मा लावून, बसून वाच.

अक्का, तुझा भाऊ मूर्तिकार झाला आहे. (हे वाक्य मी लिहिल्यावर दोनदा वाचलं. तूही वाच.) गणपती-बिणपती नव्हे, माणसांची डोकी करतो, मातीची, आणि तीही लिंबाएवढी. मोठं डोकं कोणीही करील, त्यात चुका लपायला जागा असते, असं माझं मत आहे. आमच्या सुकन्या मॅडमचं मत तसं नाही. त्या नांदेडला दर रविवारी वर्ग घेतात. वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, पण बोलतात तुझ्यासारख्या. वर्गात मी सोडून सगळ्या कॉलेजच्या पोरी. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कोणाला तरी सोडायला आलोय, आणि त्यांनी मला बाहेरची खुर्ची दाखवली. मी अर्धा तास त्या खुर्चीवर बसलोही, कारण मला वाटलं वर्ग असाच सुरू होत असेल. फोटो स्टुडिओचं म्हणशील तर हल्ली दिवसाकाठी दोन गिऱ्हाइकं येतात, त्यातलं एक पत्ता विचारायला. मग हातांना काहीतरी काम नको का?

माती मांजरा नदीच्या काठची आणतो. ती चाळायची, कापूस घालायचा आणि पोळीच्या कणकेसारखी तिंबायची. परातही पोळीचीच घेतली होती, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. माझ्या पहिल्या माणसाचे डोळे मी पार कपाळात नेऊन बसवले. मॅडम म्हणाल्या, "काका, डोळे डोक्याच्या मध्यावर असतात. तुमच्या माणसाला मेंदू ठेवायला जागाच न्हाई राहिली." मी त्यांना बत्तीस वर्षांचा पासपोर्ट फोटोंचा अनुभव सांगितला. त्यांनी पट्टी घेऊन वर्गासमोर माझंच डोकं मोजलं. डोळे मध्यावरच निघाले. दुसरी अडचण धंद्याची. मी जन्मभर लोकांना "समोर बघा, दोन्ही कान दिसू द्या" एवढंच सांगितलं, त्यामुळे माझी डोकी समोरून फक्कड आणि बाजूने बघितली की भाकरी. कानामागे माणूस कसा असतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. मग महिनाभर बसमध्ये पुढच्या लोकांची मानगुटं न्याहाळत गेलो. (एका बाईने जागा बदलली. मी तिला कला समजावून सांगणार होतो, पण त्या दिवशी तुझी भावजय बरोबर होती, तिने हात दाबला.) शेजारचे घड्याळवाले पाशामियाँ मात्र देवमाणूस. डोळ्याला लावायचं भिंग आणि तीन बारके स्क्रूड्रायव्हर त्यांनी मला देऊन टाकले, पापण्या मी त्या स्क्रूड्रायव्हरांनीच कोरतो. नाकपुड्यांना बाभळीचा काटा. ते रोज येऊन बघतात आणि "हाव, आता माणूस वाटून राहिला" म्हणतात. आधी काय वाटत होता ते सांगत नाहीत.

आता हे सगळं कशासाठी, ते फक्त तुला सांगतो. बत्तीस वर्षांत मी अख्ख्या तालुक्याचे फोटो काढले आणि आपल्या बापाचा, दादांचा, एक फोटो आपल्याकडे नाही. मी कॅमेरा घेतला त्याच्या नऊ वर्षं आधी ते गेले. तुझ्या लग्नातला तो एक आहे, पण त्यात ते पंगतीत भात वाढताहेत आणि पाठ आपल्याकडे. लोकांच्या भिंतींवर माझ्या हातचे बाप लटकतात, हार घातलेले, शंभर तरी असतील. माझ्या भिंतीवर नुसता खिळा आहे. याची मला लाज वाटते, अक्का. पोरं विचारतात, आजोबा कसे दिसायचे? मी म्हणतो, करारी. पण करारी माणसाचं नाक कसं असतं ते मला सांगता येत नाही. सहा महिने मी दादांचं डोकं करतोय. मागून ते हुबेहूब येतं (फोटो आहे ना). समोरून मात्र कधी त्यांचे व्यंकटरावदाजी होतात, कधी आपल्या गावचा जुना पोस्टमन. अकरा डोकी मोडली, बारावं ठेवलं. महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी नांदेडला वर्गाचं प्रदर्शन आहे आणि प्रत्येकाला एकच डोकं मांडायचं आहे. मी मनाशी ठरवलं होतं: अक्काने ओळखलं तर दादांना मांडायचं, नाहीतर माती परत परातीत. कारण त्यांचा चेहरा नीट आठवणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

म्हणून येळवसला, अमावास्येच्या शेतपूजेला, तुमच्या जळकोटला येताना मी पाच डोकी चपलेच्या खोक्यात, कापसात घालून आणली होती. तुझ्या भावजयीचं, चहावाल्या सोमेशचं, आरशात बघून केलेलं माझं, एक कोणासारखंच न जमलेलं आणि दादांचं. जेवणं झाली की तुला बाजूला घ्यायचं ठरवलं होतं. पण शेतात पोचलो तर सगळ्या भाज्यांच्या भज्जीत मीठ दोनदा कोणी घातलं यावरून तू तापलेली. माझा धीर सुटला. खोकं पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीमागे ठेवलं आणि गुपचूप आंबील प्यायला बसलो.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. पांडवांचे पाच दगड यंदा बांध सरळ करताना जेसीबीखाली गेले होते आणि पूजेला नवे शोधायला दाजी निघाले होते. त्यांना खोकं सापडलं. आत पाच गोल वस्तू, कापसात, मोजून पाच. दाजींना वाटलं, मेहुणा समजूतदार निघाला, पांडव घेऊनच आला. त्यांनी एकेकाला चुन्याच्या बादलीत बुडवलं, कडब्याच्या कोपीत ओळीने मांडलं आणि चारचौघांत माझी पाठ थोपटली. चव्वेचाळीस वर्षांत दाजींनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. ती परत कशी करणार? तोवर तू हळद-कुंकू लावून मोकळी झालीस. खीर झाली, बाजरीचे उंडे झाले, नैवेद्य झाला, अख्खी भावकी पाया पडली. टोपीची घडी न मोडता नमस्कार करणारा तुझा चुलत दीरही पडला, जो माझ्या स्टुडिओत येऊन कधी बसला नाही.

सगळे उठले तरी तू वाकलेलीच होतीस. मग मधल्या पांडवावर बोट ठेवून हळू म्हणालीस, "किशन, ह्यो आपल्या दादावानी दिसून राहिला रे." भावकी हसली. आंबील चढली म्हणून दाजींनी थट्टा केली. तू हसली नाहीस. पदराच्या टोकाने त्याच्या नाकावरचा जास्तीचा चुना तेवढा पुसलास.

मी तुरीत जाऊन उभा राहिलो आणि रडलो. लपवत नाही. चुना फासलेलं, कुंकवाने माखलेलं, लिंबाएवढं डोकं, आणि तुझ्या तोंडून दादांचं नाव निघालं. माणसाने आणखी काय कमवायचं? परतीच्या एसटीत मी इतका ताठ बसलो होतो की कंडक्टरने पाठ धरली का विचारलं. मॅडमना सांगितलं, पाशामियाँना सांगितलं, सोमेशला दोनदा सांगितलं. आता माझ्यासारखा मीच, असं वाटतंय. हे गर्वाचं वाटत असेल तर वाटू दे, गर्वच आहे.

दाजींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लाव. लहानथोरांना ज्याचं त्याला पोचतं कर.

तुझा धाकटा,
किशन (मूर्तिकार)

ता. क. पाचही डोकी कच्च्या मातीची आहेत, भाजलेली नाहीत. दाजी हरभऱ्याला पाणी देणार म्हणत होते. त्याआधी कोपीतून ती उचल, नाहीतर पांडव शेतात मुरतील. पिशवीत टाकू नकोस. खोक्यात ठेव, आणि त्याच खोक्यात लाडू देऊ नकोस.

दुसरा ता. क. डावीकडचं पहिलं डोकं तुझ्या भावजयीचं. तू दोन्ही हात टेकून तिच्या पाया पडलीस. मी तिला सांगायला नको होतं. नऊ दिवस झाले, ती माझ्याशी गोड बोलून राहिली आहे. तू मनावर घेऊ नकोस.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. फुकटचा मान पचेना. अक्का, मधलं डोकं दादांचं नव्हतं. दादांचं उजवीकडचं शेवटचं होतं, ज्याच्याकडे बघून तू "ह्यो भीम असंल, लई खाल्लेला हाय" म्हणाली होतीस. मधलं माझं होतं, हात बसावा म्हणून अर्ध्या तासात केलेलं. तेव्हापासून मी आरशासमोर उभा राहतो. दादा गेले तेव्हा माझ्या आत्ताच्याच वयाचे असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी कला फसली की साधली, ते मला सांगता येत नाही, पण खिळ्याकडे बघून आता लाज वाटत नाही. तेव्हा मागणं एवढंच. शिवरात्रीच्या आधी दोन दिवस इकडे ये आणि माझ्यासमोर बस. माती मी मळून ठेवतो. माझ्यातलं काय काढलं आणि काय घातलं म्हणजे दादा होतील, ते तू सांग. दादांसारखी मिशी वाढवायला घेतली आहे.