नागमोडी बटणपट्टी

दि. २ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत सदरा पाठवला आहे. मापं जुनीच धरलीत. पोट सुटलं असेल तर ती तुझी करणी, माझ्या शिवणाच्या नावानं शंख करायचा नाही. हल्ली मशीन मात्र वेड्यासारखं करतंय. शिलाई वाकडी जाते, मग मी कापड हळूच ढकलून ती सरळ करते. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नाहीत, पण परतही येत नाहीत. मेकॅनिक येऊन मशीन ठणठणीत असल्याचं सांगून गेला. मेल्याला काही कळत नाही.

डोळे लवकर थकतात, म्हणून प्रतिकारशक्ती वाढवायचं टॉनिक सुरू केलंय. दुकानात दिवसभर कात्रीशिवाय कुणाचा आवाज नसतो. तुझं पत्र आलं की पुन्हापुन्हा वाचते, पण अक्षरं मधेच गळतात.

इकडचा लोभ आहेच, तिकडचा आटू देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सदरा अंगात घालून आरशापुढे उभा राहिलो. बटणपट्टी नागमोडी आहे. अगं, मशीन सरळच शिवत होतं. तुला ते वाकडं दिसलं, आणि सरळ करायला जाऊन तूच वाकडं केलंस. आत्ताच्या आत्ता एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघ. वाकलेले दिसले तर तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मी इथल्या प्रयोगशाळेत दिवसभर हाच आजार सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर बघत असतो. डोळ्याच्या पडद्यामागे वयानुसार कचरा साठतो. शरीराचे पहारेकरी तो साफ करायला येतात आणि कधीकधी त्यालाच शत्रू समजून असे तुटून पडतात, की आपल्याच चांगल्या पेशी भरडल्या जातात. म्हणजे पहारा कमी पडतो असं नाही, तो भलतीकडे चालतो. टॉनिकनं नुकसान झालं असं मी म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरत असतील तर इंजेक्शनानं आवरता येतात. उशीर झाला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही.

साहेबांच्या हातापाया पडलो, तरी जूनआधी रजा नाही. तुला एकटीला जावं लागणार. पण माझ्यासाठी थांबू नकोस, ताई.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा ढब्बू

दि. २० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, सांभाळून घे. गज वाकलेच होते. डाव्या डोळ्याच्या मधोमध आता राखाडी डाग आहे, तो जायचा नाही म्हणे. उजवा वेळेत सापडला. त्यात इंजेक्शन दिलं, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. आयुष्यभर कुणाशी भांडले नाही रे, आणि माझ्याच पहारेकऱ्यांनी माझ्यावर उठावं!

आत नेताना नर्सनं विचारलं, बरोबर कोण आहे. एकटी म्हणायची लाज वाटली. भाऊ बाहेर बसलाय, असं ठोकून दिलं. ती तुला बोलवायला गेली. बाहेर तिनं हाका मारलेल्या मला आत ऐकू येत होत्या. मग ती परत आली, काही न विचारता माझा हात धरून उभी राहिली. मला भडभडून आलं, पण डॉक्टरांनी डोळा हलवायचा नाही म्हणून बजावलं होतं.

जपून राहा. लोभ कुठे जातोय?
तुझी ताई