खेडशीच्या चढावर दादा

ता. ७ नोव्हें. १९३३, मंगळ.
शाळेला पुन्हा उशीर. खेडशीच्या चढावर हसन पाववाल्याची ट्यूब फुटलेली, पावांची पेटी डोक्यावर घेऊन उन्हात उभा. ठिगळ लावून दिलं. हेडमास्तर म्हणाले, "रस्त्यावरच्या सगळ्या सायकली तुमच्याच गळ्यात का हो, मास्तर?"  घरी यशोदेला सांगितलं तर हसली.

१६ नोव्हें., गुरु.
काय लिहू.
त्याच चढावर सायकल आडवी, मालक जांभ्या दगडावर बसलेला. उतरून पाहतो तो दादा! आठ वर्षांपूर्वी यशोदेशी लग्न केलं, त्या दिवसापासून बोललेला नाही. विधवेशी लग्न करणारा भाऊ त्याला नको होता.
साखळी उतरून अडकलेली. पडताना तळहात सोलवटलेला. मांडीवर औषधाची बाटली, तेवढी शाबूत. साखळी बसवली. माझ्या तांब्यातलं पाणी त्याने जखमेवर ओतू दिलं. प्यायला पुढे केलं तर "नको".
जाताना म्हणाला, "शाळेला उशीर होईल तुला."
मी मास्तर झालो हे ठाऊक होतं तर.
रात्री यशोदा तांदूळ निवडता निवडता थांबली. "भावजींच्या जखमेत माती नाही ना हो राहिली?"

१७, शुक्र.
हत्यारांच्या पिशवीत धुवट फडक्याच्या पट्ट्या. यशोदेचं काम. दादा दिसला नाही.

२८, मंगळ.
दादा चढावर उभा. पुढच्या चाकात हवा नाही. व्हॉल्व्हची टोपी शोधू लागलो तर ती त्याच्या मुठीत. मी वर पाहिलं, तो आंब्याच्या झाडाकडे बघत राहिला. हवा त्यानेच सोडलेली.
 पंप मारत राहिलो. मुद्दाम सावकाश.
"सदू, तुझी वहिनी दोन महिने अंथरुणावर आहे. तुझी आठवण काढते. येऊन जा." मग जरा थांबून, "एकटा ये."
"एकटा नाही येणार, दादा."
त्याने चष्मा पुसला. सायकलवर बसला, गेला.
आई गेल्यावर वहिनीने वाढवलंन मला. आणि मी हे असं...

२९, बुध.
यशोदा माझ्यावरच चिडली. "आजारी माणसाशी कसला हट्ट? जा तुम्ही. मी काही पळून जात नाही." मग पडवीत जाऊन बसली. 

१ डिसें., शुक्र.
मधल्या सुट्टीत दादा शाळेच्या फाटकाशी. सायकल धडधाकट. आत येईना.
"तुझी वहिनी म्हणते, दोघांना आण. मी म्हटलं तिला..." 
"आणि तू काय म्हणतोस?"
"रविवारी या."
'या' म्हणाला. 'ये' नाही. दिवसभर तेवढंच डोक्यात. मुलांनी गणितं चुकवली, मला कळलंही नाही.

३ डिसें., रवि., सकाळ.
सायकल घरीच. दोघं चालत जाणार. यशोदा केव्हाची तयार. वहिनीसाठी मऊ भात केलान, डबा पिशवीत घातलान, काढलान, परत घातलान. "तिथे चालेल ना आपला भात?"
म्हटलं, घे.
आता दारात उभी आहे. चपला घालून पुन्हा काढल्या. विचारते, "जाऊबाईंच्या पायांना हात लावला तर... ओढून नाही ना घेणार?"
मला ठाऊक नाही. तसंच सांगितलं तिला. आणि म्हटलं, चल.