मागची डोलकाठी

नाशिक
२२ ऑगस्ट १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा पावसाळ्यात असतो तसाच आहे. डॉक्टर म्हणतात जिना टाळा, आणि ती दिवसातून चारदा खालच्या सुलाबाईंकडे गप्पा मारायला उतरते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आता ऑफिसात ठेवलेल्या त्या छोट्या लाकडी जहाजाबद्दल. मागची डोलकाठी डावीकडे कलली, दोर लोंबायला लागले, असं तू लिहितोस. दमट हवा, दादा, दुसरं काय! तुमचं ऑफिस बंदरापासून चार पावलांवर. दोरा पाणी पितो, आखडतो, काठीला ओढतो आणि सुकला की सैल पडतो. काचेच्या पेटीत ओल कोंडत असेल. ती थोडी उघडी ठेवून बघ.

"रविवारी पिशवीत घालून गुपचूप नाशिकला आणतो, तू दोन तासांत नीट करून दे," हे वाचून हसावं की रडावं ते कळेना. दोन तास! प्रत्येक डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोरांच्या शिड्या आहेत आणि एकेका शिडीत साठ गाठी. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचं, चिमट्याने दोरा धरून गाठ मारायची, वर गोंदाचा ठिपका. एक चुकली की तिच्या खालच्या सगळ्या सोडायच्या. तुला हे आठवत नसेल, कारण तू ते कधी केलंच नाहीस. तू फोर्टच्या फुटपाथवरून आराखडा आणलास, सांगाड्याच्या चार फळ्या जोडल्यास आणि नोकरी लागल्यावर सगळं माळ्यावर टाकून मुंबईला गेलास. त्याबद्दल तक्रार नाही. गणिताच्या वह्या तपासून झाल्यावर मला करायला काहीतरी मिळालं.

आणि मद्रासच्या ऑफिससाठी आणखी एक, तेही दिवाळीपर्यंत? पहिल्याला नऊ वर्षं लागली. गोटीराम मिस्त्री मला शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या कापून देतो तेव्हा दरवेळी विचारतो, "बाई, एवढ्याशा लाकडात पोळपाट कसा व्हायचा?" त्याच्या लेखी बायकांना लाकूड लागतं ते पोळपाटालाच.

सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे. सध्या जमणार नाही.

तुझी,
लतिका


नाशिक
११ सप्टेंबर १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना कान गरम झाले. हलगर्जीपणा हा शब्द तू दोनदा लिहिला आहेस. दुसऱ्यांदा अधोरेखित केला आहेस.

तुमच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या कप्तानांनी पेटी उघडली, दोरांवरून नख फिरवलं आणि सगळ्यांसमोर तुला विचारलं, "पुढच्या दोन्ही डोलकाठ्यांच्या दोऱ्याला मेण आहे. मागच्याला का नाही हो?" दोऱ्याला मेण लावतात हेच तुला ठाऊक नव्हतं, तर बोलणार काय? तुझी फजिती झाली याचं मला वाईट वाटलं. थोडं.

मेण संपलं होतं. झालं समाधान? मे महिन्यात तूच तारेवर तार केलीस, कंपनीचा वर्धापनदिन आठ दिवसांवर आलाय, जहाज ऑफिसात ठेवायचंय, मागची डोलकाठी तेवढी उभी करून दे. आठ दिवसांत जसं झालं तसं झालं. बाजारात जाऊन मेण शोधायला मला सवड नव्हती.

कप्तानांना म्हणायचं होतंस, विचारून सांगतो. पण मग कोणाला विचारून, हे सांगावं लागलं असतं. जाऊ दे.

दादा कसा आहे, असं आई रोज विचारते. मी छान आहे म्हणते.

लतिका


नाशिक
२ ऑक्टोबर १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि ते मला पचत नाही.

काल आईने विचारलं, "त्याचं जहाज वाकडं झालं म्हणतेस, ते कशानं गं?" मी तिलाही सांगितलं, मेण संपलं होतं. ती गुडघा धरत उठली, माझ्या कपाटातून चांदीची डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. अर्धी भरलेली होती. तुला ती डबी आठवत असेल. आई रोज सकाळी तिच्यातलं मेण कपाळावर टेकवायची आणि वर कुंकू लावायची. बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी तिने ती माझ्या हातात दिली होती. "घे, मला आता काय करायचीय? तुझ्या दोऱ्याला होईल." पुढच्या दोन डोलकाठ्यांचा एकूण एक दोर त्या मेणातून गेलेला आहे.

मागचीचा नाही. मी मुद्दाम लावलं नाही.

एप्रिलमध्ये तुझे साहेब सहकुटुंब त्र्यंबकला आले होते आणि परतताना तू त्यांना आपल्याकडे चहाला आणलंस. जहाज बघून ते खुर्चीवरून उठलेच. "हे कोणी केलं?" तू म्हणालास, "मीच, सर. सुटीत येतो तेव्हा थोडं थोडं करतो." मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा तू म्हणालास, "ही माझी बहीण. धूळबीळ पुसते त्याची." मी पोहे दिले. वर लिंबू पिळू का, असंही विचारलं.

मला तोंड आहे. साठ मुलींचा वर्ग मी एका शब्दात गप्प करते. पण साहेबांपुढे तू खोटा पडला असतास, म्हणून मी बोलले नाही. आणि जो राग तेव्हा बोलून दाखवायला हवा होता तो मी मे महिन्यात काढला. पावसाळा लागला की कोरडा दोरा काठीला ओढणार हे मला पक्कं माहीत होतं. आठ दिवस मी नीट, मोजून, तुझी खोड मोडायला गाठी मारल्या.

ती कलली असं तुझं पत्र आलं आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. तुझं काय गेलं? चार लोकांत मान खाली गेली, ती महिन्याभरात वर येईल. मी माझंच जहाज बिघडवलं, माझ्या हातांनी. फळ्यावर काटकोन काढताना मला ती कललेली काठी दिसते आणि खडू थांबतो. मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

तेव्हा आता ऐक. बुधवारपासून रजा टाकली आहे. सकाळच्या पंचवटीने येते. जहाज घरी आणू नकोस, पिशवीत घालून तर नाहीच. ते तुमच्या ऑफिसात आहे तिथेच राहू दे. मी तिथे बसून, कामाच्या वेळात, सगळ्यांदेखत मागची डोलकाठी उतरवणार आहे आणि पुन्हा बांधणार आहे. दोन दिवस लागतील, कदाचित तीन. खिडकीजवळचं टेबल आणि एक न डुगडुगणारी खुर्ची एवढं बघून ठेव. मद्रासच्या जहाजाचं त्यानंतर बोलू.

लोक जमतील. कप्तान येतील, तुझे साहेबही येतील, आणि ही बाई कोण असं विचारतील. मी मान वर करणार नाही, कारण हातातली गाठ सुटते. उत्तर तू द्यायचंस. खरं सांगितलंस तर तुझी थोडी शोभा होईल आणि मला तुझं वाईट वाटेल, हे आत्ताच लिहून ठेवते. पुन्हा खोटं सांगितलंस तर मी भांडणार नाही. चिमटे आवरून संध्याकाळच्या गाडीने परत येईन. तेव्हा डोलकाठी टेबलावर आडवी पडलेली असेल, हे लक्षात ठेव.

आई म्हणते, "तो खरं सांगेल." मला तशी खात्री नाही, आणि म्हणूनच येते आहे.

तुझी बहीण,
जहाज बांधणारी,
लतिका