शालोमकाकांची पेटी आणि न उचललेले नऊ फोन

भरमाअण्णा,

नऊदा फोन केला, एकदाबी उचलला न्हाईस, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या रवळूच्या हातात धाडते. नमस्कार. वहिनीची कंबर बरी असंल. माझी विचारू नको, तीन दिवस कॅमेरावाल्यांचा चहा करून मोडली आहे.

त्या पुण्याच्या बाईला माझा पत्ता कुणी दिला? तूच! तिला डॉक्युमेंट्री काढायची आहे. आपल्या आप्पांच्या यंत्रमागाच्या खोलीत दोघं वाजवत बसायचे, क्लॅरनेटवाले दस्तगीरचाचा आणि पेटीवाले शालोमकाका (ते ज्यू, मग इस्राएलला गेले). बावन्न वर्षांनी भेटणार, गळ्यात पडून रडणार, असं बाईनं कागदावर लिहूनच आणलेलं. आवाज नको म्हणून माझे माग बंद पाडले. (वडगावात माग बंद म्हटल्यावर शेजारी विचारायला आले, कोण गेलं म्हणून.)

भेटले. रडतात कुठले! चाचा म्हणाले, "लई टकला झालास की रं!" भाड्याची पेटी मांडली आणि दोघं भांडायलाच बसले. हा म्हणतो तू लयीत पळतोस, तो म्हणतो तू झोपतोस. तासभर ऐकून माझं डोकं उठलं. मीच जाऊन माग चालू केला. खटाखट सुरू झाली तशी दोघांनी भांडण सोडलं. मग त्याच ठेक्यावर असे वाजवायला लागले की बाईच्या हातातला चहा गार झाला. (तीच मघाशी मागाचा आवाज नको म्हणत होती.)

मध्येच काका थांबले. म्हणाले, "राजी, ही न्हाय, माझी पेटी आण. आप्पांकडं ठेवून गेलतो." मी म्हटलं, आहे की, दर दसऱ्याला पूजते.

खरं वाजवणं शुक्रवारी आहे. दुपारी चाचांचा नमाज, दिवस मावळला की काकांचा शब्बाथ, मग ते पेटीला हात लावत न्हाईत. मधले चार तास तेवढे आपले. रविवारी त्यांचं विमान. वय एक्याऐंशी. परत कुठले येतात?

तुझी बहीण,
राजेश्वरी

ता. क. पिच्चरमध्ये मी रडताना दिसंन. कांदा चिरत होते.

ता. क. आणखी एक. पेटी वाटणीत तू निपाणीला नेलीस आणि वहिनीनं तिच्यावर मिक्सर मांडलाय, हे अजून कुणाला सांगितलं न्हाय. मिक्सर उतर, पेटी रवळूच्या टेम्पोत घाल. गुरुवारी दिवे लागायच्या आत उत्तर न्हाय आलं, तर शुक्रवारी सकाळी दोन म्हातारे, बाई आणि चालू कॅमेरा घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात येते.